क्षेत्र महाबळेश्वर: गोमुखापाशी थांबू नका, कृष्णाबाईपर्यंत जा

टॅक्सीवाल्यांच्या ठरलेल्या ‘पॉइंट’च्या फेऱ्यात क्षेत्र महाबळेश्वरला फार तर पाऊण तास मिळतो. दुकानांच्या रांगेतून आत जायचं, पंचगंगेच्या देवळातल्या गोमुखाखाली बाटली भरायची, महाबळेश्वराला हात जोडायचे, बाहेर येऊन स्ट्रॉबेरी क्रीम खायचं आणि गाडी ऑर्थरसीटकडे वळवायची. कृष्णाबाईचं, म्हणजे कृष्णा नदीचं, देऊळ या फेऱ्यात नसतंच. पंचगंगेपासून ते चालत जेमतेम पाच-दहा मिनिटांवर आहे, तरी नसतं. मला याचा मनापासून राग येतो, म्हणून हे लिहितोय.

क्षेत्र हे मुळात गाव आहे. आज आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो ती बाजारपेठ त्यामानानं अगदी अलीकडची. १८२९ साली कंपनी सरकारनं साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींकडून वाईकडच्या खंडाळ्याच्या बदल्यात ही जागा घेतली आणि गव्हर्नर माल्कमच्या नावानं माल्कमपेठ वसवली. देव, तीर्थं, पुजाऱ्यांची घरं हे सगळं त्याच्या कितीतरी आधीपासून तिथून सहा किलोमीटरवर, कृष्णेच्या खोऱ्याच्या कडेला होतं. देवगिरीच्या सिंघण यादवानं तेराव्या शतकात कृष्णेच्या उगमाशी देऊळ आणि कुंड बांधलं असं सांगतात. पुढे जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांकडे हा सगळा मुलूख होता आणि १६५६ मध्ये तो स्वराज्यात आला.

आम्ही साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे गेलो. वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणीतून जाण्यापेक्षा हा रस्ता मला केव्हाही बरा वाटतो. शनिवार-रविवारी पाचगणी ते वेण्णा तलाव या पट्ट्यात गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, केळघरला तो ताप कमी. फक्त पावसाळ्यात दरडीची चौकशी करूनच निघा. पोलादपूरकडून आंबेनळी घाटानं येणार असाल तर हे दुप्पट लागू.

क्षेत्रात सकाळी आठच्या आत पोचावं. दहानंतर सहलीच्या बस येतात आणि पंचगंगेच्या दारात चपलांचा ढीग पडतो. खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडं सरळ ओढतात. ती सॅकमध्ये टाका आणि सॅकची चेन लावा.

पंचगंगेत मागच्या भिंतीला ओळीनं नद्यांची मुखं आहेत. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच बारमाही, आणि त्यांच्या जोडीला सरस्वती नि भागीरथी. श्रद्धा अशी की भागीरथी बारा वर्षांतून एकदा, कन्यागताच्या, म्हणजे गुरू कन्या राशीत येतो त्या, वर्षी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी. सगळं पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतं. नकाशात प्रत्येक नदीची दरी वेगळी दिसते, उगमाचे झरेही वेगळे दिसतात. पण साताऱ्याच्या माणसाला या भिंतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इथे एका ओळीत उभ्या असलेल्या वेण्णा आणि कोयना पुढे आपल्याच जिल्ह्यात कृष्णेला येऊन मिळतात. वेण्णा संगम माहुलीला मिळते, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर. सावित्री मात्र पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. कृष्णेला समुद्र भेटायला जवळपास चौदाशे किलोमीटर जावं लागतं, तेही थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. कोकणातला समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

गोमुखाशी उभं राहिल्यावर खरा प्रश्न पडायला हवा तो हा, की डोंगराच्या माथ्यावर, एवढं पाणी घेऊन येणारा ओढा वरून दिसत नसताना, भर उन्हाळ्यात धार येते कुठून? उत्तर पायाखालीच आहे. महाबळेश्वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभ्याचं जाड टोपण आहे. जांभा म्हणजे काळा पाषाण लाखो वर्षांच्या पावसात कुजून, त्यातलं लोखंड मागे राहून झालेला तांबडा दगड. गावातल्या कुठल्याही जुन्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, तळवा लावून बघा. दगड मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, खरबरीत लागतो, आणि दिवाळीनंतरही आतून ओल जाणवते. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा त्यातला बराच पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकण मातीचा थर आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी मातीशी अडतं, मग आडवं सरकतं, आणि जिथे डोंगराची कड तो थर कापते तिथे झरा फुटतो. क्षेत्रातली देवळं नेमकी अशा कडेवर आहेत. जुन्या लोकांनी आधी झरा पाहिला असेल, देऊळ मग बांधलं असेल, असं मला वाटतं.

म्हणूनच सड्यावर जितकं काँक्रीट ओतलं जाईल, जितकी झाडी कमी होईल, तितकं मुरणारं पाणी कमी होणार. पाऊस तेवढाच पडेल, पण दोन दिवसांत दरीत जाईल. गोमुखातली धार वरच्या सड्याच्या भरवशावर चालते, आणि हे सांगणारा एकही फलक मला तिथे दिसला नाही. बाटल्या टाकू नका असं लिहिलेला होता, त्याच्या खालीच बाटल्या होत्या.

आता कृष्णाबाई. पंचगंगेतून बाहेर पडल्यावर कुणालाही ‘कृष्णाबाईला कुठून जायचं?’ म्हणून विचारा, हात करून दाखवतात. दुकानं संपतात, पायवाट तांबड्या मातीतून जाते. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिना-दीड महिना इथे चिखल असतो, तेव्हा गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. जळवाही असतात. मोज्यांत पँट खोचा आणि मिठाची पुडी खिशात ठेवा.

देऊळ समोर येतं तेव्हा आधी रंग जाणवतो. काळपट दगड, त्यावर पांढरट दगडफुलाचे डाग, सांध्यांत शेवाळ, वर कुठेकुठे उगवलेलं गवत. वळण हेमाडपंती. रंगरंगोटी नाही, फरशा नाहीत, स्टीलचे कठडे नाहीत. इतर देवळांना ऑइलपेंटचा जो त्रास झाला तो अजून इथवर आलेला नाही, आणि तो येऊ नये म्हणून मी हात जोडले.

मंडपात शिरल्यावर मान वर करा. छताच्या दगडांवर कोरीव काम आहे, पण बाहेरच्या उजेडातून आल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही. डोळे सरावले की नक्षीच्या कडा एकेक करून उमटतात. मोबाइलचा दिवा लावू नका. समोरून पडणाऱ्या उजेडात कोरीव काम सपाट दिसतं. सकाळचा उजेड तिरपा आत येतो तेव्हा खोली कळते, आठच्या आत येण्याचं दुसरं कारण हेच. खांब बुटके, भक्कम आहेत. आत लिंग आहे. आणि गोमुखातून पाणी बाहेरच्या कुंडात पडतं, कायम, कुणी बघत असो वा नसो.

इथे अर्धा तास नुसतं बसावं. पाण्याच्या आवाजाखेरीज काही नसतं. कुंडाच्या पायऱ्यांवर पाय जपून ठेवा. वाळल्यासारखं दिसणारं काळं शेवाळ सगळ्यात निसरडं असतं, हिरवं निदान दिसतं तरी. पायरीच्या मधोमध पाय न ठेवता भिंतीच्या बाजूनं, तळवा आडवा टाकत उतरावं. कुंडात पाय धुऊ नयेत हे सांगायला लागू नये, पण लागतं.

देवळाच्या पलीकडे जमीन तुटते आणि कृष्णेचं खोरं उघडतं. खाली जोर गावाच्या बाजूची शेतं, पुढे बलकवडीच्या धरणाचं पाणी. सकाळी दरी धुक्यानं भरलेली असेल तर निराश होऊन परतू नका. ऊन चढलं की धुकं तळातून फाटायला लागतं आणि आधी झाडी, मग पाणी दिसतं. हेच पाणी वाईच्या घाटांवरून जातं आणि तिथे माघ-फाल्गुनाच्या सुमारास घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. वाईकर ज्या नदीला बाई म्हणतात, तिचं माहेर हे एवढंसं, शेवाळलेलं, बिनगर्दीचं. पाऊण तासाच्या फेऱ्यात नेमकं हेच गाळायचं?

जोरच्या बाजूनं डोंगर चढून वर यायची जुनी पायवाट आहे. चढ खडा आहे, रान दाट आहे आणि गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात. वाटाड्या घेतल्याशिवाय त्या भानगडीत पडू नये.

महाबळेश्वराच्या देवळाबद्दल थोडक्यात. स्वयंभू लिंग गुळगुळीत नाही, रुद्राक्षासारखं खडबडीत आहे आणि त्याच्या खळग्यांत पाणी असतं. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी इथेच जिजाऊसाहेबांची आणि वृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. शेजारी अतिबलेश्वर आहे, तिथेही जाऊन या, कारण महाबल आणि अतिबल या भावांची कथा दोन्ही देवळं मिळून पुरी होते. आम्ही बाहेर पडलो तोवर रांग दारापर्यंत आली होती. ऑर्थरसीटला गेलो, वाऱ्यात टोपी सांभाळली, परत आलो.

वाटेवरच्या स्ट्रॉबेरीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण फसगत तिथेच होते. रोपं पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लावतात. वर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर, खालून ठिबक. पेपर नसला तर फळ मातीला टेकतं आणि टेकलेल्या बाजूनं सडतं. फळ नोव्हेंबर अखेरीपासून हाताशी येतं आणि थंडी भरली की गोडी चढते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीची स्ट्रॉबेरी मला सगळ्यात उजवी वाटते. तोडणी सकाळी, देठासकट. तोडल्यावर हे फळ आणखी गोड होत नाही, म्हणून देठाजवळ पांढरं असेल तर घरी नेऊन पिकेल या आशेवर घेऊ नका. डबा उलटा धरून तळ बघा, वर मोठी आणि खाली बारीक, दबलेली फळं भरलेली असतात. तळाशी लाल पाणी दिसलं तर सरळ परत द्या. शक्य असेल तर शेताच्या बांधावरच घ्या. घरी न्यायची असतील तर धुऊ नका, ओली फळं रात्रीत बुरशी धरतात. एकावर एक थर न देता पसरून ठेवा, खायच्या वेळी धुवा.

परतताना पुन्हा केळघर. वेण्णा तलावाशी घोड्यांची आणि मक्याच्या कणसांची गर्दी होती, तिथे थांबलो नाही. घाट उतरून मेढ्यात चहा घेतला. तिथून साताऱ्यापर्यंत वेण्णा सोबतीला असते, मध्ये कण्हेरच्या धरणात पसरते आणि मग माहुलीकडे निघते. सकाळी गोमुखावर भरलेली बाटली गाडीत तशीच होती, ती घरी देवघरात ठेवली.