जुन्या झिरो टर्नचे लिव्हर : आधी ढिलेपणा, मग जुळणी

ज्या यंत्राला स्टिअरिंगचे चाकच नसते, त्याचे स्टिअरिंग बिघडले म्हणजे नेमके काय बिघडले, हा प्रश्न जुना झिरो टर्न मॉवर, म्हणजे जागच्या जागी वळणारे, दोन लिव्हरांनी चालणारे गवत कापायचे यंत्र, बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. अमळनेरजवळच्या एका लग्नाच्या लॉन्सवर हरळी कापण्यासाठी जे सेकंडहँड यंत्र मी सांभाळतो, ते दिवाळीनंतर उजवीकडे ओढू लागले होते, आणि दोन्ही लिव्हर मधल्या जागेवर सोडले तरी डावे चाक हळूहळू पुढे सरकत राहत असे. आखाजीच्या आधी लग्नांची गर्दी सुरू होण्यापूर्वी हे काम हातावेगळे करायचे होते. त्याची आजवरची प्रगती येथे मांडतो आहे.

या रचनेत मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक पंप आणि त्याने ढकललेल्या तेलावर फिरणारी स्वतंत्र मोटर असते. लिव्हर पुढे ढकलला की त्याला जोडलेला कंट्रोल रॉड पंपाबाहेरची आर्म फिरवतो, आर्मबरोबर आतली स्वॉश प्लेट, म्हणजे तिरकी होणारी तबकडी, कलते, आणि जितका कल अधिक तितके तेल मोटरकडे अधिक जाते. दोन चाकांच्या वेगातला फरक हेच येथील वळण; पुढची कॅस्टर चाके दिशा देत नाहीत, ती नुसती यंत्रामागोमाग फिरतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या हेस्टन गावी जॉन रेगियर यांनी 1960च्या दशकात दोन लिव्हरांचा मॉवर तयार केला, त्यालाही वळण्यासाठी चाकांच्या वेगातला हा फरकच पुरत होता. म्हणून लिव्हरपासून आर्मपर्यंतच्या वाटेत कुठेही खेळ आला, तर हाताने दिलेली आज्ञा पंपापर्यंत अर्धवट पोहोचते, आणि मधल्या जागेजवळ, जेथे प्लेटचा किंचित कलही चाक फिरवायला पुरेसा असतो, तेथे हा दोष सर्वांत आधी जाणवतो.

यंत्र एका बाजूला ओढते म्हटल्यावर बहुतेकांचा हात थेट जुळणीच्या बोल्टकडे जातो. आमच्याकडे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे तात्या मात्र यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले, “भाऊ, पहिले ढिलं काय शे ते दखा.” या कामातला सगळा क्रम त्या एका वाक्यात आला, असे मला वाटते.

सुरुवात टायरपासून केली. विलायती बाभळीचे काटे खानदेशात कुणालाच चुकलेले नाहीत. उजव्या टायरात असाच एक काटा मोडून बसला होता आणि हवा इतकी मंद जात होती की टायर बसलेला दिसतही नव्हता. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत मागच्या टायरांसाठी 13 पीएसआय हवा सांगितली आहे, आणि दोन्हीकडे ती सारखी असणे हे आकड्याहूनही महत्त्वाचे आहे. 20 इंच व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे 160 सेंटिमीटर भरतो. हवा कमी झाल्याने एका बाजूला प्रत्येक फेऱ्यात 2 सेंटिमीटर जरी कमी अंतर कापले गेले, तरी दहा फेऱ्यांत, म्हणजे 16 मीटरांत, ते चाक 20 सेंटिमीटर मागे पडते. दोन चाकांमध्ये 1 मीटर अंतर धरले तर तेवढ्यात यंत्राचे तोंड जवळजवळ 11 अंशांनी फिरते. ही चूक लिव्हरच्या बोल्टने झाकता येते, पण पंक्चर काढले की यंत्र उलट बाजूला ओढू लागते. काटा काढून, हवा सारखी करून फरशीवर खडूची खूण ठेवून दोन्ही चाकांचा एकेक फेरा मोजला, तेव्हा उजवीकडचे ओढणे निम्म्यावर आले.

उरलेला निम्मा दोष सांध्यांत होता. इंजिन बंद ठेवून एकाने डावा लिव्हर अगदी थोडा पुढे-मागे हलवायचा आणि दुसऱ्याने खाली वाकून पंपाच्या आर्मवर बोट ठेवायचे. लिव्हर हलतो पण आर्म हलत नाही, ते अंतर म्हणजे आपला शत्रू. रॉडच्या दोन्ही टोकांना असलेल्या गोळ्याच्या सांध्यांतले, म्हणजे रॉड एंड बेअरिंगमधले, गोळे खिळखिळे झाले होते, आणि काळ्या मातीची धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून त्यांचे काम पॉलिश पेपरसारखे चालले होते. त्याहून वाईट म्हणजे आर्मचे भोक लांबट झाले होते. एका टोकाचे आटे उजवे आणि दुसऱ्याचे डावे असल्यामुळे नुसता रॉड फिरवून त्याची लांबी बदलते, हे ठाऊक नसेल तर लॉक नट उलट्या दिशेने पिळून आटे खराब होण्याचा धोका असतो.

येथे सुट्या भागांची अडचण आली. यंत्र अमेरिकी असल्याने आटे 3/8 इंच व्यासाचे, दर इंचाला 24 आहेत. हा व्यास म्हणजे 9.525 मिलिमीटर, आणि बाजारात सहज मिळते ते 10 मिलिमीटरचे बेअरिंग. आर्मचे भोक 10 पर्यंत वाढवा आणि मोकळे व्हा, असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण आर्म आधीच झिजलेली होती आणि पुढे कधी मूळचा भाग मिळाला तर तो बसला नसता. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या लेथवाल्याने आर्मचे भोक गोल करून त्यात घट्ट बसणारा स्टीलचा बुश, म्हणजे नळीसारखा तुकडा, घातला आणि त्याचे आतले भोक रिमरने 3/8 इंचाला आणले. इंची रॉड एंड मागवायला वेळ लागला, पण खेळ पूर्णपणे गेला.

यानंतरच मधली जागा जुळवली. पुढची चाके अडवून मागची बाजू जॅकने उचलली आणि यंत्र भक्कम घोड्यांवर ठेवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर फिरत्या चाकाजवळ हात घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. लिव्हर चालवण्यासाठी आत घेतलेले असताना सीटवर कोणी नसेल तर सुरक्षा स्विच इंजिन बंद करतो, म्हणून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्याच्या कनेक्टरला तात्पुरती जोडतार लावली. काम संपताच ती काढली आणि सीट सोडल्यावर इंजिन खरोखर बंद पडते का, हेही तपासले. जुळणी गरम तेलावरच करावी, कारण थंड, घट्ट तेलावर स्थिर दिसणारे चाक तापल्यावर सरकू लागते. पाच-सात मिनिटे चाके पुढे फिरवून तेल गरम केले, मग रॉड पाव-पाव फेरा फिरवत डावे चाक थांबेपर्यंत आणले. लिव्हर पुढे नेऊन सोडला, मागे नेऊन सोडला, दोन्ही वेळा चाक थांबले, तेव्हाच लॉक नट आवळला. नट आवळताना रॉड स्वतःही फिरतो, म्हणून त्याला दुसऱ्या पान्याने धरावे लागते.

सरळ धावण्याची जुळणी अगदी शेवटी केली आणि ती थोडक्यात आटोपली. पूर्ण वेगात यंत्र उजवीकडे जात असेल तर डावे चाक जास्त पळते आहे; मंद चाकाला पंपाच्या कमाल मर्यादेपलीकडे वेग देता येत नाही, म्हणून डाव्या लिव्हरचा पुढचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढून त्या बाजूचा वेग कमी केला. लिव्हर हाताला फार चंचल वाटत होते, त्याचे कारण त्यांची हालचाल संथ ठेवणारे डॅम्पर निघाले. एक टोक सोडवून ओढल्यावर डॅम्परने सर्व अंतरात सारखा विरोध करायला हवा. डाव्या डॅम्परात मध्ये एक पोकळ जागा सापडली, म्हणून दोन्ही बदलले. एकच नवा बसवला तर दोन हातांना दोन वेगळे वजन जाणवते, आणि मला ते मुळीच चालत नाही.

एक दुखणे अजून शिल्लक आहे. मेमध्ये पारा 45 अंशांच्या घरात गेला की तासाभराच्या कामानंतर उजवे चाक मंदावते. पंपावरच्या पंख्यात आणि त्याच्या आसपास अडकलेला वाळलेल्या गवताचा भुसा काढला, फिल्टर बदलला, पुस्तिकेतल्या ग्रेडप्रमाणे 20डब्ल्यू-50 तेल भरले, आणि तेलातली हवा काढण्यासाठी आधी बायपास व्हॉल्व्ह (उघडले की तेल मोटरला वगळून फिरते) उघडे ठेवून व नंतर बंद करून लिव्हर हळूहळू पुढे-मागे केले. फरक पडला, पण पुरेसा नाही. दोन्ही पंप एकाच पट्ट्यावर चालतात, त्यामुळे पट्टा घसरत असता तर दोन्ही चाके मंदावली असती. संशय आता उजव्या बायपास व्हॉल्व्हवर आहे, तो पूर्ण बसत नसावा. तो बाहेर काढून त्याची बसण्याची जागा आणि ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, तपासायची आहे. तेथे काही सापडले नाही तर उजवा पंप उघडावा लागेल, आणि ते काम गवताची वाढ थांबल्यावर, हिवाळ्यातच करणार आहे.