समासातली पेन्सिल

मालवणातल्या आमच्या वाचनालयात ग्रंथपाल दिवसभर वाचत बसते, असा लोकांचा समज आहे. खरं तर निम्मा वेळ दाखल नोंदवही, अनुदानाचे तक्ते आणि दिवाळी अंक आधी कोणाला यावरची भांडणं यांत जातो. परत आलेलं पुस्तक मात्र मी अंगठ्याखालून भरभर सोडून बघतेच. एसटीची तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, हळदीची बोटं, एकदा तर सुरंगीच्या फुलांचा सुकलेला वळेसर, म्हणजे गजरा, निघाला होता. यंदा जुलैत पेन्सिल निघाली.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बाजार थंड, म्हणून मासळी विकणाऱ्या बायका या दिवसांत पुस्तकं नेतात. त्यातल्या एका मावशींनी एक नवी कादंबरी नेली होती. मुंबईहून आलेली घटस्फोटित नायिका इथे होमस्टे काढते आणि समुद्राकडे बघत सावरते. मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, ती तर ठरलेलीच. अशी पुस्तकं हातोहात जातात म्हणून मी न वाचता मागवते.

मावशींनी समास भरून टाकले होते. जून महिन्यात घरमालकिणीचा नवरा पहाटे समुद्रावर जातो, तिथे: ‘होडी वर काढलेली असता. हिचो घोव खंय गेलो?’ तोच नवरा एकटा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतो, तिथे नुसतं ‘एकटो?’ आणि त्याखाली दोन रेघा. रापणीचा दोर ओढायला अख्खी वाडी किनाऱ्यावर उभी राहते, मग वाटे पडतात. इथल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. लेखिका मे महिन्यात येऊन, तळलेली सुरमई खाऊन परत गेली असावी.

पण एका पानावर चूक काढलेली नव्हती. घरमालकीण रात्री पदराची गाठ सोडून पैसे मोजते आणि त्यातली एक नोट डाळीच्या डब्यात सारते. त्या ओळीशेजारी, जरा दाबून: ‘ह्यां खरां.’

नियमाप्रमाणे पुस्तक खराब झालं. आमच्या सेक्रेटरींनी गेल्या कित्येक वर्षांत एकही कादंबरी घरी नेलेली नाही, पण तपासणी जवळ आली की त्यांना नियम तोंडपाठ असतात. किंमत वसूल करा, म्हणाले. खोडरबराने काम भागलं असतं, हे मी मुद्दामच सुचवलं नाही. मावशींना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, “भरतंय गो बाय. पण मग ह्या पुस्तक माझा.”

तेही नियमातच बसतं. ३२० रुपयांची पावती फाडली, नोंदवहीत शेरा मारला आणि प्रत त्यांच्या पिशवीत गेली. आमच्या कपाटात इतकं बारकाईने वाचलेलं दुसरं पुस्तक नसेल, आणि ते मी माझ्याच सहीने बाहेर काढलं. सरकारी तक्त्यात ‘गहाळ’ आणि ‘खराब’ असे रकाने आहेत. वाचकाने भर घातली तर काय लिहायचं, हे कोणी ठरवलेलं नाही.

नवी प्रत मागवली आहे. तिच्यासाठी तिघींनी नावं दिली आहेत, तिघीही बाजारातल्याच. त्यातली एक काल काउंटरवर वाकून हळूच विचारत होती, “तेतूय लिवलेला असतला मां?”