नळदुर्ग ते लातूर : आबांच्या वाटेने

नळदुर्गचा पाणी महाल पाहायचा तर पावसाळ्यातच. आदिलशाहीत बोरी नदी अडवून बांधलेली ती भिंत, भिंतीच्या पोटात दालनं, आणि नदी भरली की तिच्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. मी गेलो तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. दोन्ही धबधबे वाहत होते, सोलापूरकडून आलेल्या पोरांची फोटोसाठी झुंबड होती. मी थोडा वेळ भिजलो आणि बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. मला रस्ताच पाहायचा होता.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून याच रस्त्याने हैद्राबाद संस्थानात शिरली आणि पहिल्याच दिवशी तिने बोरीवरचा पूल ताब्यात घेतला. १७ तारखेला निजामाने हात टेकले. त्या तारखेला आम्ही मराठवाड्यात दरवर्षी झेंडावंदन करतो. आमच्या घरी त्या दिवशी आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, फोटोला हार आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून १९७२ साली मिळालेल्या ताम्रपटाला हळदीकुंकू असतं.

आबा सोलापूरच्या सरहद्दीवर, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होते. ते तिथे हौसेने गेले नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाला निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी गावच्या पारावर गोळी घातली होती, गंजीला आग लावली होती. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. रझाकारीत काय सोसलं हे आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, सांगता सांगता त्यांचा आवाज अजून चढतो. फौज पुढे सरकली तसे आबा आणि त्यांचे सोबती तिच्या मागोमाग गावाकडे निघाले. आमच्या घरातली गोष्ट इथे संपायची. आबा गावी आले, झेंडा लागला, पेढे वाटले.

आत्याने ती गेल्या उन्हाळ्यात पुरी केली. ती तेव्हा सहा वर्षांची होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "आबा आले तवा मागं दोन गाड्या होत्या. भरलेल्या. आईनं एक भांडं घरात घेऊ दिलं नव्हतं चार दिस." मी विचारलं, कुणाच्या गाड्या? ती निवडतच राहिली. मग विहिरीचं सांगितलं.

तुळजापुरात भवानीचं दर्शन घेतलं, उजनीला बासुंदी घेतली. तिथे न थांबता पुढे जाणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. औशाच्या पुढे रस्ता सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, आभाळ भरलेलं, आणि सगळ्यांचा एकच घोर, की काढणीत पाऊस नको.

आमचं गाव आता तिथे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ते बसलं आणि नवं गाव वरच्या माळावर झालं. जुन्या गावठाणात बाभळी माजल्यात. माळवदाच्या घरांचे दगड, मातीचे ढिगारे, कुठे उंबऱ्याचा एखादा तुकडा. विहीर मात्र तशीच आहे. घडीव दगडाची, उतरायला पायऱ्या, काठावरच्या दगडाला दोरानं घासून पडलेल्या बोटभर खोल खाचा. त्या खाचांत मी बोट घालून पाहिलं. एवढा दगड झिजायला किती पिढ्यांनी पाणी शेंदलं असेल. मग एका आठवड्यात तिचं पाणी कुणी पिईना झालं. गावातल्या मुसलमान बायांनी तीत उड्या घेतल्या होत्या. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आबा तेव्हा काठावर उभे होते. त्यांनी कुणाला ढकललं नाही, पण अडवलंही नाही.

हे फक्त आमच्या गावात झालं असतं तर मी त्याला आमच्या घराचं पाप म्हणून गिळलं असतं. पण केंद्र सरकारने तेव्हा पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे फौजेच्या त्या कारवाईच्या, दरम्यान आणि नंतर किमान २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. आमचं गाव तेव्हा उस्मानाबादेतच, लातूर जिल्हा १९८२ चा. सरकारला ते आकडे मान्य नव्हते आणि तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. एका विहिरीत त्यांनी ११ प्रेतं मोजली होती. ते वाक्य वाचल्यावर मला पुढचं पान उलटवेना. रझाकारांनी मारलेल्यांची नावं हुतात्मा स्मारकांवर वाचत मी मोठा झालो. या माणसांची नावं कुठल्या दगडावर आहेत?

नव्या गावात मुसलमानांची थोडीच घरं. त्यातल्या एका चाचांकडे गेलो. वय चौऱ्यांशीच्या आसपास, कान शाबूत. "बसा की बेटा. कोण्या घरचे तुम्ही?" सांगितलं. ते गप्प झाले, मग सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

गाडीतून मी हंडा आणला होता. आमच्या घरात लग्नकार्याला पाणी तापवायचा तांब्याचा हंडा, गळ्याशी उर्दूत काही कोरलेलं. मी लहान असताना चिंच लावून तो घासायचं काम माझ्याकडे असायचं आणि त्या अक्षरांत अडकलेली चिंच काडीने काढावी लागायची. त्यांची सून उर्दू शाळेत शिकवते. तिने पदराने गळा पुसला, खिडकीशी नेला आणि अक्षर लावत वाचायला लागली. बापाचं नाव, मग लेकीचं नाव. जहेजचा हंडा. ती निम्म्यात असतानाच चाचांनी उरलेलं नाव घेतलं.

"ती आमच्या शेजारची," ते म्हणाले. "विहिरीत गेली. धाकटी बहीण सोलापुरात दिली होती, ती वाचली."

ते स्वतः वाचले ते एका कोष्ट्याच्या घरात. बळदात, ज्वारीच्या पोत्यांमागे, आईसोबत. दिवसा खोकायचं नाही एवढं त्यांना आठवतं. सुंदरलालांच्या अहवालातही आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचा उल्लेख आहे. त्या कोष्ट्याला कुणी ताम्रपट दिला नाही.

मी विचारलं, आबांनी कुणाला मारलं का? चाचा बराच वेळ बोलले नाहीत. "मारलं असं मी म्हणणार नाही. मी बळदात होतो. पन नंतर तुमच्या आज्जाच्या अंगावर आमच्या शेजाऱ्याची शेरवानी पायली मी. माप बसत नव्हतं." हंडा ठेवून घ्या म्हटलं तर ते हात जोडून नाही म्हणाले. "ज्याचा त्याला द्या."

संध्याकाळी लातुरात पोचलो. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती दुकानांची वर्तुळं. याच शहरात रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी वकिली करायचा. इथे कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या पेढ्या होत्या. अहवालानुसार इथली कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, हजारावर माणसं मेली आणि १०,००० मुसलमानांपैकी शहरात जेमतेम ३,००० उरले. मी गोलाईला एक चक्कर मारली. दुकानांवर दिवे लागत होते, गिऱ्हाइकांची गर्दी होती. रझवीचं नाव इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या वीस दिवसांचं सांगणारं मला लहानपणी कुणी भेटलं नाही, आणि आमच्या घरात तर ते माहीत असलेली दोन माणसं रोज एका पंगतीला जेवत होती.

रात्री थोरल्या भावाला फोन केला. तो चिडला. म्हणाला, मेलेल्या माणसाची लाज काढतोस, आणि चुलतआजोबांना गोळी घातली ती विसरलास? विसरलो नाही. पण ज्यांनी गोळी घातली ते त्या विहिरीत नव्हते, हे मी त्याला सांगितलं. ताम्रपट उतरवायचा का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणालो. आबा कॅम्पात गेले हे खरंच आहे. फक्त यापुढे १७ सप्टेंबरला घरातल्या पोरांना गोष्ट सांगताना ती पेढ्यांवर थांबवायची नाही.

चाचांच्या सुनेने सोलापुरातल्या एका नातेवाइकाचा नंबर काढून दिला आहे. धाकट्या बहिणीचा नातू तिथेच आहे म्हणतात. नावं मी इथे लिहीत नाही, ती आधी त्या घरात पोचायला हवीत. दिवाळीनंतर हंडा घेऊन जायचं ठरलंय. आत्याही येते म्हणाली. त्यांनी विचारलं तर दोन गाड्यांचं, शेरवानीचं आणि विहिरीच्या काठाचं ती स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे.