याकोबाचा राग

स्पेनमध्ये संत सांतियागोच्या कबरीपर्यंत पायी यात्रेला निघाले होते. वाटेत लोग्रोन्योच्या चर्चवर दरवाज्याच्या वर हा सांतियागो घोड्यावर बसलाय. हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली मूर, म्हणजे तेव्हाचे स्पेनमधले मुसलमान. वसईला रोझरीनंतर ज्याला ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणत मोठी झाले, तो जब्दी कोळ्याचा याकोब हाच, हे काही केल्या पचेना. जवळच्याच क्लाविहोच्या लढाईत ८४४ साली तो आकाशातून उतरला म्हणे. ती लढाई झालीच नव्हती, असं इतिहासकार सांगतात. पुतळा मात्र आहे.

बुर्गोसचं कॅथेड्रल पाहिलं. तिथली लादी गार होती, एवढं आठवतं.

मेसेतावर, म्हणजे मधल्या सपाट पठारावर, वार कुठला ते कळेनासं होतं. कापलेला गहू, पांढरा रस्ता, सावली नाही. मोस्तेलारेसचा चढ उतरल्यावर टाचेचा फोड फुटला. मागून ब्राझीलच्या घोळक्याने ‘उल्त्रेया’ हे यात्रेकरूंचं गाणं सुरू केलं, तेव्हा त्यांचे गळे दाबावेसे वाटले. गावात एकच अल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा; दारावर पाटी: ‘कोम्प्लेतो’, जागा नाही. बॅगा टॅक्सीने पुढे पाठवलेले, आठवडाभर आधी बुकिंग केलेले लोक अंगणात बिअर पीत होते. यांच्यावर आकाशातून अग्नी पडो, असं अगदी मनापासून वाटलं.

शोमरोनी गावाने मुक्काम नाकारला, तेव्हा याकोब आणि योहान यांनी नेमकं हेच मागितलं होतं. गर्जनेचे पुत्र ते! येशूने वळून त्यांनाच झापलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. ते गाव किती लांब होतं, याकोबाच्या टाचांचं काय झालं होतं, हे लूक आपल्या शुभवर्तमानात लिहीत नाही.

समोर दारात खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. मी खुणेने विचारलं, झोपायला जागा? ती लगेच हो म्हणाली नाही. बूट पाहिले, सॅक पाहिली, आत कुणाला तरी ओरडून विचारलं. आतून उत्तर आलं नाही. मग गुडघे धरत उठली आणि मानेनेच आत बोलावलं. घमेल्यात पाणी, त्यात मीठ आणि व्हिनेगर. माझे बूट हातात घेऊन ती बराच वेळ काहीतरी बडबडली; कौतुक नक्कीच नव्हतं. लायटरवर सुई तापवून फोडातून आरपार दोरा काढला आणि तसाच ठेवला. मी किंचाळले तर मांडीवर चापट बसली. सुई आत असताना तिचं अर्धं लक्ष टीव्हीवर होतं. रात्री मसुराची आमटी, चोरिसो सॉसेज घातलेली. पैसे पुढे केले तर भडकली. देवाचं नाव एकदाही काढलं नाही. पहाटे दिवा लावून जवळजवळ हाकललंच.

बायबलातली ‘प्रेषितांची कृत्ये’ याकोबाचा मृत्यू एका वाक्यात उरकतात: हेरोदाने तलवारीने मारलं. इ. स. ४४ च्या सुमारास. येशूच्या बारा प्रेषितांतला पहिला हुतात्मा. पण जुना चर्च-इतिहासकार युसेबियस याने अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटची एक गोष्ट टिपून ठेवली आहे. ज्याने याकोबाला न्यायासनापुढे नेलं, तोच त्याची साक्ष ऐकून ख्रिस्ती झाला. वधाला जाताना वाटेत त्याने क्षमा मागितली. याकोबाने थोडा विचार केला, मग ‘तुला शांती असो’ म्हणून त्याचं चुंबन घेतलं. दोघांचा शिरच्छेद एकत्रच झाला. माझा सगळा विश्वास त्या ‘थोडा विचार केला’वर बसला आहे. झटकन क्षमा करणाऱ्या संतांशी माझं फारसं जमत नाही.

क्रूस दे फेरो या लोखंडी क्रुसापाशी यात्रेकरूंच्या रीतीने दगड ठेवला. ओ सेब्रेरो या डोंगरातल्या गावी धुकं. सारियापासून फक्त शेवटचे शंभर किलोमीटर चालणाऱ्यांची जत्रा, यात्रेच्या पासबुकावरच्या शिक्क्यांसाठी रांगा, निलगिरीचा वास, पाऊस.

शेवटी सांतियागो शहरातल्या कॅथेड्रलमध्येही घोडेस्वार आहेच. त्याच्या पायाशी इतकी फुलं रचलेली, की खालचे मूर दिसू नयेत. लपवायचेच होते तर घडवले कशाला? खाली याकोबाच्या अस्थींच्या चांदीच्या पेटीपाशी गुडघे टेकले आणि काय मागायचं तेच सुचेना, रडू मात्र आलं. तेवढ्यात सेल्फी घेणाऱ्या एकाने कोपर मारलं. मी थोडा विचार केला आणि त्यालाही मारलं.

मग मिस्साला बसले. बोताफुमेइरो, म्हणजे छतापासून झोके घेणारं अजस्र धूपपात्र, त्या दिवशी हलवलंच नाही, म्हणून शेजारची बाई शेवटपर्यंत धुसफुसत होती.