लोहाराच्या डोणीतलं पाणी

आयर्लंडमधे म्हणे अंगावर चामखीळ आली की लोक लोहाराकडे जायचे. औषध काय, तर तापलेलं लोखंड ज्या कुंडीत बुडवून गार करतात ते पाणी, ते लावलं की चामखीळ गळून पडते. हे वाचलं आणि मी डायरेक्ट चोपड्याकडच्या आमच्या गावात, कारण आमच्या लोहारबाबांची पण अशीच दगडी डोण होती, विळा आत घातला की चर्रर्र व्हायचं, पाणी कायम काळं, वर राखेचा तवंग, आणि आम्ही पोरं हात घालायला गेलो की बाबा सांडशी उगारायचे. चामखीळ मला दोन होत्या भो. फुकटचं औषध समोर होतं.

तिकडे लोहाराला सगळे वचकून असायचे. त्याला जादू येते असंच धरून चालायचे, कोणी वाकड्यात शिरलं तर तो ऐरण फिरवून शाप द्यायचा आणि तो लागायचाच म्हणे. सेंट पॅट्रिक म्हणजे आयर्लंडचा मोठा संत, त्याच्या नावावर एक फार जुनी प्रार्थना आहे, तिच्यात बाया, लोहार आणि द्रुइड पुजारी यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितलंय (बायांना कशाला मधे ओढलं देव जाणे). आमचे बाबा कसला शाप देतात, खळ्यावर कोणी वर्षाचे दाणे कमी मापले तरी गुपचूप पोतं उचलायचे.

पण चाकाला धाव चढवायची पद्धत सेम टू सेम. तिकडे दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट नावाच्या जळाऊ मातीच्या आगीत लोखंडी कडं तापवायचे, इकडे गोवऱ्या. लाल झालं की तिघं चौघं सांडशीने धरून लाकडी चाकावर बसवणार, लाकूड पेट घेतं न घेतं तोच बादल्या ओतायच्या, लोखंड आकसतं आणि आरे कडकड वाजत घट्ट होतात.

१९३७ ते १९३९ मधे तिथल्या शाळेतल्या पोरांना घरच्या, गावच्या म्हाताऱ्यांकडून असल्या गोष्टी वहीत लिहून आणायला लावलं होतं, म्हणून आज वाचायला मिळतं. आम्हाला त्या वयात निबंध होता, माझा आवडता प्राणी.

परीलोकांनी तान्हं पोर बदलून नेऊ नये म्हणून तिकडचे लोक पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचे, हे मी आजीला फोनवर सांगितलं. तिला काहीच विशेष वाटलं नाही. म्हणे, "मंग? तुना बापना उशाखाले अडकित्ता ठेयेल व्हता. तो बी लोहारबाबानाच हातना."