कुस्कोत सोनं शोधू नका: इंकांच्या दरीतला पाच दिवसांचा क्रम

पेरू देशातलं कुस्को, स्पॅनिश येण्यापूर्वीच्या इंका साम्राज्याची राजधानी, सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे. लिमाच्या समुद्रकाठावरून विमानाने तासा-दीड तासात तिथे उतरलं की पहिल्याच रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. म्हणून शहरात न थांबता विमानतळावरूनच टॅक्सी करून खाली, 2,800 मीटरवरच्या ओयांताइताम्बोला गेलो. रस्ता साधारण दोन तासांचा. पहिल्या दिवशी चढण नाही, दारू नाही, जेवण हलकं. कोकाच्या पानांचा चहा जागोजागी मिळतो आणि तिथे तो कायदेशीर आहे. पण पानांचं एखादं पाकीटही बॅगेत राहू देऊ नका, भारतात तो गुन्हा ठरतो.

ओयांताइताम्बोच्या गल्ल्यांत इंकांनी बांधलेल्या पाटांतून आजही पाणी खळाळतं. घरंही त्याच आखणीची: मधे चौक, भोवती खोल्या. याला कांचा म्हणतात. वाडा पाहिलेल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही. वर डोंगरावर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात. वाटेत सोडून दिलेल्या शिळा अजून तिथेच पडून आहेत, लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. सकाळी सातला फाटक उघडतं तेव्हाच आत शिरा, नंतर बसगाड्यांची रीघ लागते.

तिकिटांचा घोळ बहुतेकांचा होतो. 'बोलेतो तुरिस्तिको' (पर्यटक तिकीट) हे 16 ठिकाणांचं तिकीट 130 सोलला (सोल हे पेरूचं चलन), 10 दिवस चालतं (दर निघण्यापूर्वी तपासून घ्या), पण प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश. ओयांताइताम्बो, पिसाक, मोराय, चिंचेरो, साक्सायवामान त्यात येतात. मारासची मिठागरं, कोरिकांचा, कुस्कोचं कॅथेड्रल आणि माचूपिचू यांची तिकिटं वेगळी. सुटे सोल जवळ असू द्या.

विणकरांच्या चिंचेरो गावात मात्र घाई करू नका. इंकांच्या लेखी उत्तम वस्त्राचा मान सोन्याहून कमी नव्हता. देवाला वस्त्रं जाळून अर्पण करत. निवडुंगावरचा कोचिनील किडा विणकर बाई तळहातावर चिरडते, तळवा लालभडक होतो. त्यावर लिंबू पिळलं की रंग नारिंगीकडे झुकतो. खरेदी करताना कापड उलटं करून पाहा. हातमागाच्या पारंपरिक पट्टीवर मागेही तीच नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. मागे मोकळे धागे लोंबत असतील तर बहुधा यंत्राचा माल. शंका असेल तर झालरीतला एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा: लोकरीला केस जळल्याचा वास येतो, अ‍ॅक्रिलिकची वितळून गोळी होते.

कोरिकांचा, म्हणजे सूर्यमंदिर, शेवटी ठेवलं. भिंतींवरचे सोन्याचे पत्रे 1533 मध्ये स्पॅनिशांनी उचकटून नेले, तेव्हा सोनं शोधू नका, दगडांचे सांधे बघा. चुना नाही, भिंती आत झुकलेल्या, दारं-कोनाडे वर निमुळते. 1950 च्या भूकंपात वरचा ख्रिस्ती मठ ढासळला, इंकांच्या भिंती उभ्या राहिल्या. बाहेरची वळणदार भिंत रस्त्यावरून फुकट दिसते.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण कोंबडीला तिथे बरेचजण 'कार्ने' धरत नाहीत. 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासे खात नाही) असं पूर्ण म्हणा आणि सूपचा रस्सा कशाचा आहे तेही विचारा. सान पेद्रो बाजारात चुन्यो मिळतो: रात्रीच्या हिवात गोठवून, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढलेला, उन्हात वाळवलेला बटाटा. वर्षानुवर्षं टिकतो. शिजवण्याआधी रात्रभर भिजवून पिळा, नाहीतर कडवट लागतो. आपल्या उपासाच्या बटाट्याचं माहेरही हेच डोंगर.

घराबाहेर काठीला लाल प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली दिसली की आत चिचा, म्हणजे मोड आलेल्या मक्याची आंबवलेली दारू मिळते. पहिले थेंब जमिनीवर, पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला. पेला भलामोठा आणि चव आंबट. गोडसर हवी तर स्ट्रॉबेरीची 'फ्रुतियादा' मागा.