गाळलेली निळी छटा : सहाव्या महिन्याची नोंद

निळ्या छटांच्या पट्टीतून एक छटा गाळली, तर ती मनाने उभी करता येते का, हे मी सहा महिने पाहते आहे. मागील महिन्यातील या पट्टीच्या सर्व नोंदी मी रद्द केल्या आहेत. गवाश (पाण्यात मिसळायचा अपारदर्शक) रंग ओला असताना दिसतो तसा वाळल्यावर राहत नाही, फिकट छटा किंचित गडद होतात आणि गडद छटा फिक्या पडतात, हे ठाऊक असूनही मी ओल्या ठिपक्यांची वाळलेल्या तुकड्यांशी तुलना करत बसले होते. या वेळी प्रत्येक तुकडा पूर्ण वाळवला आणि खिडकीपाशी एकाच जागी, दिवसाच्या उजेडातच पाहिला.

प्रयोगाचे मूळ जुने आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये असा प्रश्न मांडला की, एखाद्याने निळ्याच्या एक सोडून सर्व छटा पाहिल्या असतील आणि त्या गडदापासून फिक्यापर्यंत ओळीने त्याच्यापुढे ठेवल्या, तर मधली उणीव त्याला जाणवेल का आणि न पाहिलेली ती छटा तो केवळ मनाने उभी करू शकेल का. ह्यूमचे उत्तर होकारार्थी होते. साध्या कल्पना अनुभवातूनच येतात या त्याच्याच सिद्धान्ताला ते छेद देणारे होते, परंतु एवढ्याशा अपवादासाठी सिद्धान्त बदलण्याची गरज नाही, असे म्हणून तो पुढे गेला. मला मात्र सहा महिने झाले तरी पुढे जाता आलेले नाही.

पट्टी माझ्या माघारी धाकटी बहीण तयार करते. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात टायटॅनियम व्हाइट हा पांढरा वाढवत नेऊन ती ११ तुकडे रंगवते, त्यांतील एक काढून घेते आणि उरलेले १० मोकळी जागा न ठेवता सलग मांडते. सुरुवातीला ती पांढरा रंग प्रत्येक वेळी सारख्याच प्रमाणात वाढवत असे, पण अल्ट्रामरीन इतका गडद आहे की पांढऱ्याच्या पहिल्या दोन-तीन थेंबांतच तो झपाट्याने उजळतो आणि नंतरचे थेंब जेमतेम जाणवतात. त्यामुळे गडद टोकाला जिथे तिथे तुकडा गहाळ असल्याचा भास होई. आता ती थेंब मोजत नाही, पायऱ्या नजरेने सारख्या करते.

खरी अडचण वेगळीच निघाली. गाळलेली छटा मी स्वतः मिसळून दाखवू लागले, की कुंचला फिरवता फिरवता रंग बदलत जाई आणि एका क्षणी ‘हाच तो’ असे वाटे. पण ही झाली ओळख, कल्पना नव्हे. मग मिसळण्याआधीच प्रमाण कागदावर लिहून ठेवले, तर तो निव्वळ हिशेब झाला, कारण दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी डोळे मिटूनही काढता येते. शेवटी आम्ही असे ठरवले की मी पट्टी पाहायची, डोळे मिटून छटा मनात आणायची आणि डोळे उघडल्यावर बहिणीने पुढे धरलेल्या पाच जवळजवळच्या तुकड्यांतून एका दृष्टिक्षेपात एक उचलायचा. पुन्हा निरखायची मुभा नाही. ही पद्धत निर्दोष नाही, परंतु इतर दोन्हींपेक्षा प्रामाणिक आहे.

मधला तुकडा गाळला असता १४ पैकी १३ वेळा जागा बरोबर सापडली आणि १० वेळा तुकडाही बरोबर उचलला गेला. टोकाचा तुकडा गाळला असता मात्र आठांपैकी दोनदाच यश आले, आणि चुकलेल्या सहाही वेळा मी शेवटच्या दिसणाऱ्या छटेला खेटूनच थांबले होते. दोन छटांमधली दरी मन भरून काढते, पण पट्टीच्या बाहेर पाऊल टाकताना ते कचरते, असा माझा तूर्तास कयास आहे. अर्थात, या निळ्या छटा मी आयुष्यात कधीच पाहिल्या नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही, त्यामुळे ह्यूमची अट माझ्या टेबलावर पुरी होणे अशक्यच आहे.

म्हणून महिन्याच्या उत्तरार्धात पट्टीच्या पार बाहेरच्या रंगांकडे वळले. मराठीत बऱ्याच रंगांच्या नावांना ‘सर’ किंवा ‘ट’ लावता येतो. निळसर हिरवा म्हणताच डोळ्यांपुढे काहीतरी येते, पण पिवळसर निळा म्हटले की व्याकरण हरकत घेत नाही आणि नजर मात्र जागीच अडते. एवाल्ड हेरिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९व्या शतकात याचे कारण असे मांडले की लाल-हिरवा आणि पिवळा-निळा या परस्परविरोधी जोड्या असून एका ठिकाणी एका वेळी जोडीतील एकच रंग जाणवतो. १९८३ मध्ये क्रेन आणि पियान्टानिडा या संशोधकांनी नजरेच्या हालचालीबरोबर चित्रही हलवून ते दृष्टिपटलावर स्थिर ठेवले, तेव्हा लाल आणि हिरव्या पट्ट्यांमधली सीमा विरून काही जणांना एकाच वेळी लाल आणि हिरवा असा रंग दिसला. पुढे इतर संशोधकांनी त्यावर शंका घेतली आणि तो रंग म्हणजे मधलेच एखादे मिश्रण असावे, असे म्हटले.

तसे यंत्र घरी होणे नाही, पण उत्तरप्रतिमा, म्हणजे एखाद्या रंगाकडे टक लावून पाहिल्यावर नजरेत उरणाऱ्या आकृती, फुकट मिळतात. पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवर भडक पिवळे वर्तुळ ठेवून त्याच्या मध्यबिंदूकडे ४० सेकंद एकटक पाहिले आणि लगेच पडदा काळा केला. पिवळ्याने थकलेल्या डोळ्यांना तिथे निळे वर्तुळ दिसते, आणि ते काळ्याइतके गडद असूनही निःसंशय निळे असते. रंगाच्या तुकड्यांत असे काही सापडत नाही. तिथे निळा जितका काळ्याकडे झुकतो तितका त्याचा निळेपणा मरतो. पॉल चर्चलंड या तत्त्वज्ञाने २००५ मध्ये अशा रंगांची पद्धतशीर मांडणी केली असून, आकाशी-हिरव्याकडे टक लावून मग नारिंगीकडे पाहिल्यास अस्सल नारिंगीहूनही नारिंगी दिसते, हा त्यातलाच प्रकार आहे. तोही केला, पण काळ्या-निळ्याइतका तो मनात ठसला नाही.

ठसला म्हणावे, तर तेही खरे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगापूर्वी डोळे मिटून तो काळा-निळा आठवून पाहिला, तेव्हा मनात आला तो साधा गडद निळा, नेहमीच्या शाईसारखा. नंतर वर्तुळ पाहिले आणि आदल्या दिवशीचाच धक्का पुन्हा बसला. असे सलग नऊ दिवस झाले. न पाहिलेला रंग कल्पिता येतो का, हा प्रश्न घेऊन मी निघाले होते. इथे तर पाहिलेला रंगही बारा तासांत हातातून निसटतो आहे. क्रेन आणि पियान्टानिडा यांच्या काही निरीक्षकांना मात्र त्यांचे रंग नंतरही काही काळ मनात आणता येत होते, अशी नोंद आहे, आणि तीच मला सध्या सर्वांत जास्त छळते आहे.

२०२५ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी लेसरने केवळ मधल्या तरंगलांबीच्या शंकुपेशी (डोळ्यातील रंग टिपणाऱ्या पेशी) उद्दीपित करून पाच जणांना ‘ओलो’ नावाचा निळा-हिरवा दाखवला. कोणत्याही नैसर्गिक प्रकाशाने फक्त त्याच पेशी चेतवता येत नाहीत, कारण त्या ज्या तरंगलांब्यांना प्रतिसाद देतात त्यांचा पट्टा शेजारच्या पेशींच्या पट्ट्यांत मिसळलेला असतो. हा रंग इतका तीव्र होता की सर्वांत शुद्ध, म्हणजे एकाच तरंगलांबीच्या, वर्णपटीय रंगाशी जुळवण्यासाठी त्यात पांढरा प्रकाश मिसळावा लागला. तो पाहिलेल्यांना आज डोळे मिटून तो आणता येतो का, हे मला विचारावेसे वाटते.

पुढील महिन्यात काळा-निळा दिसल्यानंतर एक मिनिटाने, दहा मिनिटांनी आणि तासाने तो आठवण्याचा प्रयत्न करून प्रत्येक वेळी सर्वांत जवळचा तुकडा उचलणार आहे. बहिणीने त्यासाठी गडद टोकाचे २० तुकडे रंगवायला घेतले आहेत; काल संध्याकाळपर्यंत सात वाळले होते.